मशीनच्या दारातली मावशी

मावशीनं माझ्या दोन्ही हातांत सुताचा वेढा अडकवला आणि म्हणाली, "हात जरा लांब धरा. पाना पिळताय का?" दुपारचे चार वाजले असतील. धायरीतल्या आमच्या दोन खोल्यांत त्या वेळेला खिडकीतून ऊन थेट खाटेवर येतं. ती उशांना टेकून बसली होती. मांडीवर वाटी, वाटीत कालवलेली हळद. सूत हळदीतून ओढायचं, चिमटीत निपटायचं आणि माझ्या हातांवर सोडायचं, असं तासभर चाललं. माझी मनगटं पिवळी झाली, तिची बोटं पिवळी झाली, ऊनही त्याच रंगाचं. कुठं काय संपतं तेच कळेना. मग तिनं तो दोरा खिडकीच्या गजांवर वाळत घालायला लावला आणि चहा मागितला. अर्धा प्यायली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

मावशी म्हणजे माझी बायको. हे आधीच सांगून टाकतो. कर्वेनगरच्या बाजूला एमआरआय काढायचं एक सेंटर आहे, माणसाला नळकांड्यात सरकवून आतले फोटो काढतात तसलं. तिथं ती कामाला होती. डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला मावशी म्हणायचे. ऐकून ऐकून मीही घरात तेच म्हणायला लागलो. आधी चिडायची. "नवऱ्याची मावशी कुठं असते का?" मग ओ द्यायला लागली. आम्हाला मूल नाही. आई म्हणणारं कुणी नव्हतं, मावशीवर भागवलं.

मी चौथी शिकलेला. भोसरीच्या कारखान्यात लेथवर जन्म काढला. कारखान्यांना वाईट दिवस आले तेव्हा मालकांनी आमच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचा कागद दिला. त्यात माझी इच्छा काय होती ते कुणी विचारलं नाही. मी घरी बसलो आणि मावशी कामाला लागली. मला लिहायची सवय नाही. पण तिच्याबद्दल एक गोष्ट त्या सेंटरात चुकीची सांगितली जायची, वर्षानुवर्षं, आणि ती चुकीची आहे हे मला माहीत होतं. म्हणून लिहितो.

तिचं काम दारातलं. मशीनच्या खोलीआधी पडदा लावलेली एक छोटी जागा होती. बाक, आरसा, कुलपाची कपाटं. मशीन म्हणजे भलंमोठं लोहचुंबक. ते कधी बंद नसतं. आत जाणाऱ्याच्या अंगावर लोखंडाचा कण राहता कामा नये. म्हणून मावशी एकेकाचं सगळं उतरवून घ्यायची. घड्याळ, पट्टा, केसांतल्या पिना, जोडवी, कवळी. म्हणायची, "साहेब सुटात येतो आणि मागून नाड्या बांधलेला झगा घालून आत जातो. आवाज आपोआप खाली येतो बघा त्याचा."

बायका मंगळसूत्रापाशी अडायच्या. सोनं चुंबकाला चिकटत नाही, पण त्यानं फोटो बिघडतो, आणि आत तार कसली घातलीय ते सोनारालाच ठाऊक. डॉक्टर समजावून थकायचे, मशीनवरचा माणूस घड्याळ बघायचा. मावशीनं यावर स्वतःच उपाय काढला. सूत आणून हळदीत पिवळं केलं, हातहात लांबीचे तुकडे करून डब्यात ठेवले. बाईचं मंगळसूत्र तिच्याच रुमालात बांधून कपाटात ठेवायचं, किल्ली तिच्या माणसाच्या हातात द्यायची, आणि त्या जागी हा दोरा, मधे हळकुंडाचा तुकडा अडकवून, गळ्यात बांधायचा. मंगळसूत्र तुटलं की नवीन होईपर्यंत आपल्याकडे बायका हेच करतात. गळा रिकामा राहिला नाही म्हटल्यावर बाई निमूट आत जायची.

एकदा पेठेतल्या एक आजी आल्या. म्हणाल्या, "चाळीस वर्षांत हे गळ्यातून निघालेलं नाही. तुमच्या मशीनसाठी काढणार नाही."

"नका काढू," मावशी म्हणाली. "बसा बाकावर. मशीनलाही चाळीस वर्षं होऊ द्या, मग बघू."

आजींनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण कुठल्या?"

"बुलढाण्याकडची."

"तरीच. आमच्याकडे अशी उत्तरं देत नाहीत."

"तुमच्याकडे प्रश्नच उत्तरासारखे विचारतात, आजी. मान पुढं करा."

आजींनी मान पुढं केली. फोटो झाल्यावर मंगळसूत्र घातलं, पण दोरा परत दिला नाही. पर्समध्ये ठेवून घेऊन गेल्या. मावशीनं हे मला चारदा सांगितलं असेल, आणि चारही वेळा आजींच्या आवाजात.

पुढं हिंजवडीकडे काचेच्या इमारती उठल्या आणि तिथली पोरं मान अन् पाठ धरून यायला लागली. खुर्चीत बसून माणसाची पाठ जाते हे मला खरंच वाटायचं नाही. मी तीस वर्षं उभा होतो. त्या पोरांना गळ्यातला कंपनीचा पट्टा काढणं जिवावर यायचं. "मावशी, हे प्लास्टिक आहे, मेटल नाही." ती म्हणायची, "असू दे रे बाळा. आत तुझी कंपनी नाही, तू एकटाच जाणार आहेस."

तिची नजर मात्र पक्की. एकदा चाकणकडचा एक माणूस आला. फॉर्मवर सगळीकडे 'नाही' लिहून मोकळा. मावशीनं त्याचे हात बघितले. बोटांच्या रेघांत काळं बसलेलं. तसे हात ती घरी रोज बघत होती. तिनं विचारलं, "लेथवर होतात का?" तो म्हणाला, होतो, पण सोडून दहा वर्षं झाली. "डोळ्यात कधी कीस गेला होता?" गेला होता, म्हणाला, पण निघाला असेल. तिनं त्याला बाकावर बसवलं आणि सरळ सेंटरातल्या डॉक्टरबाईंना जाऊन सांगितलं. डोळ्याचा साधा एक्स-रे काढला तर लोखंडाचा कण आत तसाच. मशीनमध्ये गेला असता तर डोळा गेला असता. डॉक्टरबाईंनी त्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटले. त्या वयानं लहान, पण फोटो वाचण्यात पुण्यात नाव. मावशीला म्हणाल्या, "माझ्याआधी तुम्ही वाचता. मी फोटो वाचते, तुम्ही माणूस वाचता." मावशीनं तो पेढा खाल्ला नाही. माझ्यासाठी कागदात बांधून आणला.

बिघडलेल्या फिल्म कचऱ्यात जायच्या. त्यातली एखादी ती नाव कापून घरी आणायची आणि संध्याकाळी खिडकीशी धरून बसायची. आम्ही विमानात कधी बसलो नाही. ती म्हणायची, "वरून शेत असंच दिसत असेल, नाही? हा हाडाचा काळा बांध. हे चरबीचं चांदणं. ही मांसाची ढेकळं." मला त्यात काही दिसायचं नाही. तिच्या तोंडावर पडलेला करडा उजेड तेवढा दिसायचा. तो अजून दिसतो. डोळे मिटले की खिडकीशी कुणीतरी बसलंय आणि शेतामागून शेत चाललंय, असं वाटत राहतं.

तिच्या उजव्या मांडीत गाठ आली ती अशीच हळू. दुखणं नाही, लाल नाही, ताप नाही. अंघोळ करताना हाताला लागली. लिंबाएवढी. "डॉक्टरबाईंना दाखवते," म्हणाली. मी म्हणालो, "त्यांना काय दाखवतेस? त्यांना सगळीकडे मशीनच दिसणार. माझ्या मानेवरची गाठ त्या आपल्या नाक्यावरच्या डॉक्टरनं दहा मिनिटांत काढली की नाही? चल." तिला सेंटरात पडून राहायची लाजही होती. "मी तिथं दुसऱ्यांचं काढून घेते. माझं कोण काढून घेणार?" असं म्हणून हसली आणि माझ्याबरोबर आली. माझी मानेची गाठ कातडीखाली होती, हलवली की हलायची. तिची खोल मांसात होती. एवढा फरक मला कळला नाही, आणि ज्याला कळायला हवा होता त्यानंही बघितला नाही. कातडी बधिर केली आणि कापली.

दहा मिनिटांचा पाऊण तास झाला. डॉक्टर बाहेर आला, म्हणाला, "जरा खोल होती. चरबीच आहे, पण लॅबमध्ये देऊन टाका, शंका नको." आणि माझ्या हातात बाटली दिली. औषधाच्या पाण्यात ती गाठ. मावशीला घरी निजवून मी बाटली घेऊन निघालो. लॅब सिंहगड रस्त्याला. वाटेत कालवा. पुलावर मी थांबलो. आमच्या गावाकडे अंगातून काढलेलं काही जपून ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात नाहीतर पुरतात. पण ते एक निमित्त झालं. खरं सांगतो, मला भीती वाटली. लॅबवाल्यांनी काही काढलं तर? मी मोपेड उभी केली आणि बाटली पाण्यात सोडली. ती बुडाली नाही. डोलत डोलत निघाली. पलीकडे बायका धुणं धूत होत्या, त्यांच्या समोरून गेली, वळणावर चमकली आणि दिसेनाशी झाली. घरी येऊन मी मावशीला सांगितलं. तिनं पांघरूण ओढून घेतलं. मग म्हणाली, "बरं. आता झालं ते झालं."

कालव्याचं पाणी शहरातून हडपसरकडे जातं, पुढं उसाला. त्यानंतर मला किती वेळा वाटलं असेल की आपण पाण्याच्या कडेनं चाललोय आणि बाटली पुढं चाललीय, हातभर अंतरावर, आणि ती हाताला येत नाही. जागेपणीही वाटायचं. भाजी आणायला गेलो तरी.

वर्ष सरलं आणि गाठ त्याच जागी परत आली. या वेळी मोठी. डॉक्टरबाईंनीच मावशीच्या चालण्यावरून ती ओळखली. "मावशी, पाय का ओढता?" त्याच दिवशी तिला मशीनवर घेतलं. तिचं मंगळसूत्र उतरवायला दारात कुणी नव्हतं. मला आत बोलावलं. मीच ते काढलं, तिच्याच डब्यातला दोरा काढून गळ्यात बांधला. माझ्या हातानं गाठ बसेना. ती म्हणाली, "सैल असू दे. मी काय पळून जातेय का?"

मला काचेआड बसू दिलं. पलीकडे मशीन ठोके देत होतं, मंद, मग भरभर, मग पुन्हा मंद, जसं दूर कुठंतरी कुणी पत्रा ठोकतंय. पडद्यावर तिची मांडी उमटली. तिनं मला शिकवलेलं ते शेत. आणि त्या शेतात मधोमध एक तळं, पांढरं, गुळगुळीत. मला बरं वाटलं. मी म्हणालो, "पाणीच आहे की हो बाई." डॉक्टरबाई म्हणाल्या, "दिसतंय पाण्यासारखं. म्हणूनच ही फसवते." मग तिच्या शिरेतून औषध दिलं आणि परत फोटो घेतले. तळं आतून उजळत गेलं, पहाटे धुकं उजळतं तसं. डॉक्टरबाईंनी फोटो पुढं-मागं करून पाहिले. मग म्हणाल्या, "पाण्याची पिशवी असती काका, तर अशी उजळली नसती. ही उजळतेय. म्हणजे जिवंत आहे."

सुई घालून तुकडा काढला तेव्हा गाठीला नाव मिळालं. मिक्सॉइड लायपोसार्कोमा. मी ते पाठ केलं. हाडाचा नाही, मऊ मांसाचा, क्वचित कुणाला होणारा कॅन्सर. सुई कुठून घालायची हेसुद्धा कापणाऱ्या सर्जनला विचारून ठरवलं होतं, म्हणजे सुईची वाट नंतर गाठीबरोबरच काढून टाकता येते. एवढी काळजी घेतात हे मला तेव्हा कळलं.

रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरबाईंनी विचारलं, "पहिल्या गाठीचा रिपोर्ट कुठं आहे? तेव्हाच तपासली असती तर नाव तेव्हाच कळलं असतं. आणि आता जुना व्रण कुठला, गाठ कुठली, फोटोत एकमेकांत मिसळलंय." खोलीत मशीनवरचा माणूस होता, दोन शिकाऊ डॉक्टर होते. मी फरशी बघत उभा होतो. तोंड उघडणार, तेवढ्यात मावशी म्हणाली, "मीच टाकून दिली, बाई. म्हटलं, चरबीचीच आहे."

"तुम्ही?" डॉक्टरबाईंचा आवाज चढला. "मावशी, तुम्ही? इतकी वर्षं इथं उभं राहून? अडाणी बाईनं केलं असतं तर समजू शकले असते!"

मावशीनं मान खाली घातली. कुणापुढं मान खाली न घालणारी बाई. मी तरी गप्प.

बसस्टॉपवर मी विचारलं, "का घेतलंस अंगावर?" ती म्हणाली, "तुम्ही रोज डबा द्यायला येणार तिथं. तुमच्याकडे कुणी तसं बघितलेलं मला चालायचं नाही. मी त्यांच्यातलीच आहे. मला ओरडतील आणि विसरतील."

विसरले नाहीत. मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं, रेडिएशनचे, म्हणजे विजेचे शेक झाले, पाय वाचला. ती लंगडत परत कामावर गेली, बाकावर बसून कपाटं सांभाळायला लागली. डॉक्टरबाईंनी तिला आईसारखं जपलं. खोटं कशाला बोलू. पण गाठ घेऊन कुणी आलं, की त्या सांगायच्या, "आधी फोटो, मग सुई, मग सुरी. आणि काढलेला तुकडा टाकायचा नाही. आमच्या मावशींनीसुद्धा टाकला होता, बघा." शिकाऊ डॉक्टरांना शिकवतानाही तेच. त्या भल्यासाठीच सांगायच्या. पण मावशी पडद्याआड बसून ते ऐकायची. जिनं दुसऱ्याचा डोळा वाचवला तिची ओळख ही झाली. मी दोनदा चपला घालून निघालो होतो, सांगून टाकायला. दोन्ही वेळा तिनं अडवलं. "मी आहे तोवर गप्प बसायचं. माझी शपथ आहे." मी गप्प बसलो. गप्प बसणं सोपंही होतं, हे लपवत नाही.

तीन वर्षं बरी गेली. मग पाठ दुखायला लागली. पुन्हा फोटो झाले आणि मणक्यात तशीच चार-पाच तळी दिसली. डॉक्टरबाईंनी या वेळी काही समजावलं नाही. पडदा मावशीकडे फिरवला. मावशीनंच वाचलं आणि म्हणाली, "बरंच पाणी झालं की." त्यानंतर ती घरी राहिली. सेंटरात दोरा लागायचा, तो मात्र इथून करून पाठवायची.

ती गेली त्या संध्याकाळी वैकुंठ स्मशानात सगळं उरकलं. रात्र कशी गेली ते सांगण्यासारखं काही नाही. सुतकात माणूस कुणाच्या दारी जात नाही. सकाळी मी चपला घातल्या तर शेजारची म्हणाली, "काका, आज? लोक काय म्हणतील?" मी म्हणालो, "म्हणू देत. त्यासाठीच चाललोय." पहिल्या बसनं कर्वेनगरला गेलो.

डॉक्टरबाई नुकत्याच आल्या होत्या. मला बघून उठल्या. "काका, तुम्ही कशाला आलात? मीच येणार होते."

"बसा बाई. ती बाटली तिनं नाही टाकली. मी टाकली, कालव्यात. ती घरी होती, मांडीला टाके घालून."

त्या खुर्चीत बसल्या. "तुम्ही तेव्हा शेजारी उभे होतात."

"होतो."

"मी त्यांना सगळ्यांसमोर बोलले. आणि नंतर इतक्या लोकांना त्यांचं नाव घेऊन..."

"गोष्ट कामाची आहे, सांगणं सोडू नका," मी म्हणालो. "आता माझं नाव घेऊन सांगा. अडाणी नवऱ्यानं केलं म्हणून सांगा, पोरांच्या लवकर लक्षात राहील." मग जे विचारायला भीत होतो ते विचारलं. "तेव्हाच लॅबला दिली असती तर वाचली असती?"

"सांगता येत नाही काका. वर्षभर आधी कळलं असतं. एवढं खरं."

त्यांनी माझी समजूत काढली नाही, हे मला बरं वाटलं. सगळं संगणकात असतं तिथं, पण मावशीचे कागद त्यांनी वेगळ्या फाईलमध्ये ठेवले होते. ती काढून उघडली. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. ओळ इंग्रजीत होती. मी विचारलं, "काय लिहिलंय?"

"पहिली गाठ पेशंटने स्वतः टाकून दिली."

"खोडा."

त्यांनी खोडलं आणि इंग्रजीतच लिहायला लागल्या. मी म्हणालो, "मराठीत लिहा. मला वाचता आलं पाहिजे." त्यांनी लिहिलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. मी ओळीखाली बोट धरून वाचलं. 'पहिली गाठ नवऱ्याने तपासायला न देता टाकून दिली. पेशंटचा दोष नाही.'

"पेशंट नको," मी म्हणालो. "मावशी लिहा."

त्यांनी तसं लिहिलं. मी त्यांच्याकडून पेन मागून घेतलं आणि खाली सही केली.